कोजागिरीला दुर्बिणीतून टायको दाखवायचा आहे, पण हा टायको कोण?

मंजिरी_प
आमच्या सोसायटीची कोजागिरी गच्चीवर असते. दूध, भेळ, अंताक्षरी, आणि चंद्र डोक्यावर यायच्या आत निम्मे लोक झोपायला. यंदा तिसऱ्या मजल्यावरचे काका त्यांची दुर्बीण वर आणणार आहेत आणि "पोरांना चंद्राबद्दल पाच मिनिटं सांग" हे काम माझ्या गळ्यात पडलंय.

पौर्णिमेच्या चंद्राचे फोटो बघितले. दक्षिणेकडे एक ठळक पांढरा ठिपका आणि त्यातून चहूबाजूंना गेलेल्या रेषा. ते टायको नावाचं विवर, टायको ब्राहे या डॅनिश ज्योतिर्विदाच्या नावाचं, एवढं कळलं. आता प्रश्न असे: नागपूरच्या दिव्यांच्या झगमगाटात ते दिसेल का? छोटी दुर्बीण पुरेल का? आणि या माणसाबद्दल आठ-दहा वर्षांच्या मुलांना काय सांगावं? व्हॉट्सअ‍ॅपवर त्याच्या सोन्याच्या नाकाची गोष्ट फिरतेय, ती खरी का?

तर्रीपोहे
सोन्याचं नाक? पोट्ट्यायले तेवढंच सांगा, बाकी काही ऐकत नाहीत ते.

दुर्बीणवाला
मंजिरीताई, दिव्यांची काळजी सोडा. शहरातल्या उजेडाने तारे आणि तेजोमेघ मारले जातात, चंद्राला काही फरक पडत नाही. सीताबर्डीच्या चौकातूनही टायको दिसेल. काकांची दुर्बीण राहू द्या, साधी १० बाय ५० ची द्विनेत्री हात न हलवता धरली तरी ते किरण दिसतात. पौर्णिमेचा चंद्र भिंगातून फार झगझगीत वाटतो, डोळ्यांपुढे थोडा वेळ अंधारी येते, पण इजा होत नाही. फिल्टर असेल तर लावा.

पण विवर "बघायला" पौर्णिमा हा सगळ्यात वाईट दिवस. त्या रात्री सूर्य आपल्या पाठीमागून चंद्रावर सरळ पडतो, त्यामुळे सावल्या नसतात. सावली नाही तर खोली नाही. पांढरा ठिपका दिसेल, रेषा दिसतील, खड्डा दिसणार नाही. खड्डा बघायचा तर उजेड-अंधाराची सीमारेषा त्याच्यावरून जात असताना बघायला हवा. म्हणजे अष्टमीनंतर.

वैदर्भी
म्हणजे कोजागिरीचं आमंत्रणच चुकलं म्हणा की! पण रेषा तरी पोरांना आवडतीलच. संत्रं सोलायला घेतलं की देठाच्या खळीपासून जशा शिरा खाली पसरतात, पौर्णिमेचा चंद्र अगदी तसा दिसतो, आणि टायको म्हणजे ती खळी. नागपूरच्या पोरांना याहून जास्त समजावून सांगावं लागणार नाही.

अण्णा_धरमपेठ
दुर्बीणवाल्यांच्या "अष्टमीनंतर" ला जरा नेमकं करतो, कारण हे आपल्या पंचांगातूनच निघतं.

तिथी म्हणजे सूर्य आणि चंद्र यांच्यातल्या अंतराचे १२ अंश. अमावस्येला शून्य, पौर्णिमेच्या अखेरीस १८०. शुक्ल अष्टमी ८४ अंशांना लागते, ९६ ला संपते. तिच्या मध्यावर, ९० ला, अर्धं बिंब उजळतं आणि सीमारेषा चंद्राच्या बरोबर मध्यातून, म्हणजे शून्य रेखांशावरून जाते. त्यानंतर ती पश्चिमेकडे सरकते, साधारण एका तिथीला १२ अंश. आता टायको आहे ११ अंश पश्चिम रेखांशावर. ९० मध्ये ११ मिळवा: १०१. म्हणजे नवमी. कोपर्निकसचं विवर २० अंशांवर: ११०, दशमी. केप्लरचं ३८ वर: १२८, एकादशी.

चंद्र थोडा डुलतो, त्यामुळे अर्धी तिथी इकडेतिकडे होऊ शकतं. पण हिशेब पक्का. आश्विनातली शुक्ल नवमी म्हणजे खंडेनवमी. त्या संध्याकाळी टायको, दसऱ्याला कोपर्निकस, एकादशीला केप्लर. तिघं ओळीने उजेडात येतात.

निनाद२१
अण्णा, __/\__ . पंचांग बघून विवर शोधणारा माणूस पहिल्यांदाच पाहिला.

तर्रीपोहे
खंडेनवमीले शस्त्रं पूजतात. दुर्बीण पूजा अन् मग पाहा.

पेठेतला_पुणेकर
अण्णांचा हिशेब सुंदर आहे, पण तिथी ही मध्यरात्रीला बदलत नाही. संध्याकाळी सात वाजता कोणती तिथी चालू आहे ते बघा, नाहीतर कॅलेंडरवर नवमी लिहिलेली आणि आकाशात दशमी लागलेली असं होईल. कॅलेंडर सूर्योदयाची तिथी छापतं.

अण्णा_धरमपेठ
बरोबर. पुण्याहून आलं तरी बरोबर.

दुर्बीणवाला
अण्णांच्या हिशेबाला पूरक, खास नागपूरसाठी. आश्विनातल्या नवमीचा चंद्र अंधार पडता पडता दक्षिणेला, साधारण अर्ध्या उंचीवर असतो. मान मोडत नाही, ट्रायपॉड नीट राहतो, लहान पोरं स्टुलावर उभी राहून बघू शकतात. कोजागिरीचा चंद्र मध्यरात्री जवळजवळ डोक्यावर येतो, तेव्हा आयपीसमध्ये (डोळा लावायच्या भिंगात) डोळा घालायला जमिनीवर बसावं लागतं. म्हणून कोजागिरीला नऊच्या आसपास उरकून घ्या.

आणखी एक. पुस्तकांत "टायको खालच्या बाजूला" असं असतं. आपल्याकडे चंद्र पूर्वेला उगवताना आडवा असतो, त्याची उत्तर डावीकडे आणि दक्षिण उजवीकडे. तेव्हा टायको खाली नाही, उजव्या हाताला शोधा. वर चढत जाईल तसा तो खाली येतो. आणि दुर्बिणीत प्रतिमा उलटी असेल तर पुन्हा सगळं फिरवून घ्या. पोरांना आधी साध्या डोळ्यांनी बघू द्या, मग भिंगातून, म्हणजे गोंधळ होत नाही.

मंजिरी_प
हे तर सोनं मिळालं. पण अजून माणूस कोण ते कुणी सांगेना. आणि नाक?

निनाद२१
नाक खरं, सोनं खोटं. १५६६ साली, विशीत, एका दूरच्या नातलगाशी तलवारीचं द्वंद्व झालं आणि नाकाचा तुकडा गेला. पुढे आयुष्यभर धातूचं नाक लावून फिरला. लोक सोन्या-चांदीचं म्हणत आले. २०१० मध्ये प्रागमधली त्याची कबर उघडली तेव्हा नाकाच्या हाडाजवळ तांबं आणि जस्त सापडलं, म्हणजे पितळ. निदान रोजचं तरी पितळेचंच असणार.

मरणाची गोष्ट त्याहून भारी. १३ ऑक्टोबर १६०१ ला प्रागमध्ये एका सरदाराकडे मेजवानी होती. यजमानाच्या आधी उठणं असभ्य, म्हणून लघवी लागली असूनही बसून राहिला. घरी आल्यावर होईना. अकरा दिवसांनी गेला. नंतर विषप्रयोगाच्या, पाऱ्याच्या अफवा उठल्या, पण २०१० च्या तपासणीत मारून टाकेल इतका पारा निघाला नाही.

सावजी_रस्सा
पंगतीतून मध्येच उठू नये हे आमच्या आजीचं सांगणं इतक्या लांब पोचलं होतं?

वैदर्भी
@सावजी_रस्सा 😂 आजी निदान "हात धुऊन ये बाळा" तरी म्हणाल्या असत्या.

मंजिरीताई, मुलांना नाकाचं सांगाच, पण एवढंच सांगू नका. दर ठिकाणी हेच होतं, नाक आणि लघवी, आणि माणसाचं काम राहूनच जातं.

त्याचं काम असं. नोव्हेंबर १५७२ मध्ये शर्मिष्ठेत एक नवा तारा दिसला. दिवसाही दिसावा इतका तेजस्वी. तेव्हा युरोपात समजूत होती की चंद्राच्या पलीकडचं आकाश कधी बदलत नाही, जे काही बदलतं ते चंद्राच्या अलीकडे. टायकोने महिनोन्महिने मोजमापं घेतली आणि दाखवलं की हा तारा शेजारच्या ताऱ्यांच्या तुलनेत तसूभर हलत नाही, म्हणजे तो चंद्राच्या खूप पलीकडे आहे. आज आपण त्याला अतिनवतारा, म्हणजे स्फोट होऊन उजळलेला तारा, म्हणतो. मग १५७७ चा धूमकेतू आला, तोही चंद्राच्या पलीकडचा निघाला. डेन्मार्कच्या राजाने त्याला व्हेन नावाचं बेटच दिलं. तिथे त्याने वेधशाळा बांधली, भिंतीएवढी उपकरणं बसवली आणि वीस वर्षं मोजत राहिला.

आणि हे सगळं नुसत्या डोळ्यांनी! दुर्बीण आली १६०८ मध्ये, हा गेला १६०१ मध्ये. म्हणजे ज्या विवराला त्याचं नाव आहे ते त्याला आयुष्यात एकदाही दिसलं नाही.

दुर्बीणवाला
दिसणं शक्यच नव्हतं. विवराचा व्यास ८५ किमी. चंद्र सुमारे ३,८४,००० किमी लांब. म्हणजे ते आपल्याला एक कलाही भरत नाही, पाऊण कला. (एक अंश म्हणजे ६० कला.) डोळ्याची धाव साधारण एका कलेपर्यंत. पौर्णिमेला किरणांचा उजळ पट्टा तीक्ष्ण नजरेच्या माणसाला जाणवतो, पण विवर नाही.

मजा म्हणजे टायकोची मापंही साधारण एका कलेच्या अचूकतेची. डोळ्याने जेवढं शक्य तेवढं त्याने काढून घेतलं. पुढे त्याचा सहायक केप्लर याने टायकोच्या मंगळाच्या नोंदी वर्तुळाकार कक्षेत बसवायचा प्रयत्न केला तेव्हा ८ कलांचा फरक येत होता. पूर्णबिंब चंद्राची रुंदी ३० कला, त्याचा पाव भाग. दुसऱ्या कुणाची निरीक्षणं असती तर केप्लर म्हणाला असता, चालतं एवढं. टायकोच्या नोंदीत ८ कला चुकणार नाहीत याची त्याला खात्री होती, म्हणून त्याने वर्तुळ सोडलं आणि लंबवर्तुळ आलं.

निनाद२१
माझा इथे विरोध नोंदवतो. सगळं श्रेय केप्लरचं. टायको स्वतः शेवटपर्यंत पृथ्वी स्थिर मानत होता. सूर्य पृथ्वीभोवती आणि बाकी ग्रह सूर्याभोवती, अशी त्याची खिचडी. वर स्वभावाने तापट. त्या बेटावरच्या कुळांना वेठीला धरून बांधकाम करून घेतलं, ती रयत वैतागली होती. केप्लरला नोंदी द्यायलाही हात आखडता. अशा माणसाला चंद्रावरचं सगळ्यात झळकणारं विवर?

पेठेतला_पुणेकर
त्याचं कारण खगोलशास्त्रीय नाही, राजकीय आहे. चंद्रावरची आजची नावं मुख्यतः १६५१ च्या नकाशावरून आली. रिचिओली नावाच्या इटालियन जेसुइट पाद्र्याने नावं दिली आणि त्याचा सहकारी ग्रिमाल्डीने नकाशा काढला. गॅलिलिओचा खटला १६३३ चा, म्हणजे फार जुनं झालेलं नव्हतं. पृथ्वी फिरते असं म्हणणं पाद्र्याला परवडणारं नव्हतं. त्याची स्वतःची मांडणी टायकोच्याच मांडणीत थोडे फेरफार करून केलेली. मग सर्वांत देखणं विवर टायकोला, हे ओघानेच आलं.

पृथ्वी सूर्याभोवती फिरते म्हणणाऱ्या कोपर्निकसला त्याने वादळांच्या महासागराच्या (चंद्रावरच्या एका काळ्या सपाट प्रदेशाच्या) बाजूला ढकललं. पण ढकललं म्हणावं तर तेही ९० किमीच्या वर व्यासाचं, किरणांचं, फार सुंदर विवर. म्हणून काही जण म्हणतात की हा मनातून कोपर्निकसचाच होता. गॅलिलिओच्या नावाचं विवर मात्र आज जेमतेम १५ किमीचं. आणि रिचिओली, ग्रिमाल्डी? पश्चिम कडेला शेजारी शेजारी, दोघंही टायकोपेक्षा मोठे.

तर्रीपोहे
म्हणजे वॉर्डातल्या रस्त्याले नाव देण्यासारखंच. समितीवाल्याचं नाव मोठ्या चौकाले.

वैदर्भी
@निनाद२१, पण वीस वर्षांच्या नोंदी नसत्या तर केप्लरने लंबवर्तुळ कशावरून काढलं असतं? मोजणाऱ्याला कमी लेखायची आपल्याला सवय आहे.

आणि एक नाव कुणीच घेतलं नाही. टायकोची धाकटी बहीण सोफी. १५७३ च्या चंद्रग्रहणाच्या निरीक्षणात ती भावाच्या मदतीला होती, तेव्हा मुलगीच होती ती. मुलांसमोर बोलणार आहात तर मुलींसाठी तिचंही सांगा. ज्योतिर्विद विल्यम हर्शेलची बहीण कॅरोलाइन हिच्या नावाचं विवर आहे, १३ किमीचं. भावाचं तिप्पट मोठं, ते वेगळं.

खडकवेडी
उशिरा आले, पण माझ्या विषयावर अजून कुणी बोललेलं नाही. 🙂

टायको ताजं आहे म्हणून झळकतं. वय सुमारे १० कोटी ८० लाख वर्षं. चंद्रावरची बहुतेक मोठी विवरं तीन-साडेतीन अब्ज वर्षांपेक्षा जुनी, त्या मानाने हे कालचं. आघाताने उडालेला चुरा हजार-दीड हजार किलोमीटरपर्यंत फेकला गेला, तेच ते किरण. नवीन खडकाचा चुरा उजळ असतो. सौरवारा आणि बारीक उल्कांच्या माऱ्याने तो हळूहळू काळवंडतो, म्हणून जुन्या विवरांचे किरण पुसले गेलेत. हे वय कळलं ते अपोलो १७ मुळे, तेही टायकोपाशी न जाता. ते डिसेंबर १९७२ मध्ये उतरले दोन हजारांहून जास्त किलोमीटर दूर, पण तिथे डोंगरावरून घसरलेला एक उजळ थर आहे. टायकोचे तुकडे येऊन आदळले आणि दरड कोसळली, असं मानतात. त्या थराच्या नमुन्यांवरून वय काढलं.

ताजं म्हटलं, पण सीताबर्डीच्या टेकडीचा काळा पाषाण आहे ना, तो दख्खनचा बेसॉल्ट सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांचा. म्हणजे टायको झालं तेव्हा आपल्या पायाखालचा हा दगड अजून वाहून यायचा होता.

आकाराचं सांगायचं तर, सरळ रेषेत ८५ किमी: नागपूरहून निघालात तर वर्धा मागे पडेल आणि पुलगाव जवळ येत असेल. तळ कडेपासून सुमारे ४,७०० मीटर खाली. मधोमध शिखर, तळापासून २ किमी उंच, आपल्या कळसूबाईपेक्षा जास्त. आघातानंतर दाबला गेलेला खडक उसळी मारून वर येतो, तसं ते शिखर तयार होतं. त्याच्या माथ्यावर शंभरेक मीटरचा एक धोंडा आहे, नासाच्या चंद्राभोवती फिरणाऱ्या यानाने २०११ मध्ये त्याचे फार सुरेख फोटो काढलेत. पोरांना तो फोटो मोबाइलवर दाखवाच.

सावजी_रस्सा
मग लोणारच्या मधोमध शिखर का नाही? तेही उल्केनेच झालंय ना?

खडकवेडी
हा प्रश्न कुणीतरी विचारावा अशी वाट बघत होते!

लोणारचा व्यास १.८ किमी. लहान विवर साधं वाटीसारखं राहतं. एका मर्यादेपलीकडे मोठं झालं की मगच शिखर उठतं आणि कडा पायऱ्यापायऱ्यांनी आत कोसळतात. चंद्रावर गुरुत्वाकर्षण कमी, म्हणून तिथे ही मर्यादा पंधरा-वीस किमी. पृथ्वीवर दोन ते चार किमी. लोणार थोडक्यात अलीकडे राहिलं.

पण लोणारचं मोल वेगळंच आहे. ते बेसॉल्टमध्ये झालेलं आहे आणि चंद्रावरचे काळे सपाट प्रदेशही बेसॉल्टचेच. म्हणून चंद्र-मंगळाचा अभ्यास करणारे लोक बुलढाणा जिल्ह्यात येतात. वय पूर्वी ५०-५२ हजार वर्षं सांगत, २०११ मध्ये आर्गॉन पद्धतीने सुमारे ५ लाख ७० हजार वर्षं निघालं. म्हणजे लोणार टायकोपेक्षा कितीतरी लहान, तरी पावसाने, ओढ्यांनी किती झिजलं बघा. टायकोला ना पाऊस, ना वारा.

पेठेतला_पुणेकर
टायकोवर कुणी उतरलंय का?

दुर्बीणवाला
आत नाही. जानेवारी १९६८ मध्ये अमेरिकेचं सर्व्हेअर ७ उत्तरेच्या कडेबाहेर, उडालेल्या चुऱ्याच्या थरावर उतरलं. त्याच्या कॅमेऱ्याने पृथ्वीवरून सोडलेले लेझरचे दोन झोत टिपले होते. आपलं चांद्रयान-३ टायकोच्याही बरंच दक्षिणेला, ६९ अंशांवर. टायको ४३ अंशांवर आहे.

मंजिरी_प
आपल्याकडच्या कुणाची नावं आहेत का चंद्रावर? पोरं हे हमखास विचारणार.

निनाद२१
आर्यभट, भाभा, साराभाई, साहा, मित्रा, जगदीशचंद्र बोस, रामन. भाभा, साहा, मित्रा, बोस हे मागच्या बाजूला, दिसत नाहीत. रामन आपल्या बाजूला आहे, वादळांच्या महासागरात, पण छोटं. आणि रामन हे सरकारी हिशेब खात्यात असताना १९१० च्या सुमारास काही काळ नागपुरात नोकरीला होते. रामन विज्ञान केंद्रात पोरांना नेलंत तर हेही सांगून टाका.

अण्णा_धरमपेठ
धागा रंगलाय म्हणून एक गोष्ट. टायकोने चंद्राच्या गतीतला एक फरक शोधला होता. चंद्र अमावस्या-पौर्णिमेला थोडा वेगात असतो, अष्टमीच्या आसपास मंद, आणि त्यामुळे त्याचं स्थान ४० कलांच्या आसपास पुढे-मागे होतं. सूर्यसिद्धान्तात, म्हणजे आपल्या जुन्या ज्योतिषग्रंथात, हा संस्कार (गणितातली दुरुस्ती) नाही.

आता ऐका. ओडिशात खंडपडा नावाच्या संस्थानात सामंत चंद्रशेखर नावाचे गृहस्थ होऊन गेले, १८३५ ते १९०४. इंग्रजी शिक्षण नाही, दुर्बीण नाही. बांबूच्या नळ्या-काठ्यांची उपकरणं स्वतः करून वेध घेत. त्यांनी हाच फरक स्वतंत्रपणे शोधला आणि त्याला 'पाक्षिक' संस्कार म्हटलं. 'सिद्धान्तदर्पण' हा त्यांचा संस्कृत ग्रंथ १८९९ मध्ये छापला गेला, तेव्हा त्यांची तुलना टायकोशीच झाली. तीनशे वर्षांच्या अंतराने, पण दोघंही नुसत्या डोळ्यांचे. एकाला राजाने बेट दिलं, दुसऱ्याने बांबू तासले.

निनाद, टायको तापट होता, मान्य. पण मोजणाऱ्याची जात मला आवडते.

निनाद२१
अण्णा, ही गोष्ट पहिल्यांदा ऐकली. केप्लरबद्दलचं मत मात्र बदलत नाही.

मंजिरी_प
ठरलं. काकांशी बोलले. खंडेनवमीला संध्याकाळी सातला फक्त पोरं आणि दुर्बीण, खड्डा बघायला. कोजागिरीला किरण, नऊच्या आत. बोलण्यात नाक एक मिनिट, नवा तारा, सोफी, सामंत चंद्रशेखर, आणि शेवटी धोंड्याचा फोटो. लघवीचं गाळते, नाहीतर पुढचं कुणी ऐकणार नाही.

सावजी_रस्सा
आमच्याकडे दसऱ्याला दीक्षाभूमीच्या बाजूचे रस्ते बंद असतात, पाहुणेही घर भरून. नवमीला काही जमणार नाही. मग वर्षभर थांबायचं का?

दुर्बीणवाला
वर्षभर कशाला? नवमी दर महिन्याला येते. कार्तिकातली बघा: पाऊस संपलेला, आकाश स्वच्छ, आणि संध्याकाळी चंद्र आश्विनापेक्षा वर. दशमीला कोपर्निकस, प्रबोधिनी एकादशीला केप्लर.

तर्रीपोहे
एकादशीले उपास राहते. दुर्बीण चालते न?

अण्णा_धरमपेठ
चालते. साबुदाणा वर घेऊन या, मी येतो.